मेरी डिसूझा धावली, तेव्हा आपल्या आज्या कुठे होत्या?

चुडाव्याहून पूर्णेकडे किंवा नांदेडकडे पहाटे निघा. रस्त्याच्या कडेने मुली पळताना दिसतात. पोलीस भरतीत शंभर मीटर आणि आठशे मीटर धावावं लागतं, त्याची ही तयारी. या पोरींना कुणी धावपटू म्हणत नाही. भरतीवाल्या पोरी म्हणतात, बस्स.

मग धावपटू कोण? हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसूझा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने २०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ बाय १०० मीटर रिलेत रौप्य पदक मिळवलं. १०० मीटरचं रौप्य रोशन मिस्त्रीने घेतलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला मेरी आणि बंगालची नीलिमा घोष गेल्या. अॅथलेटिक्समध्ये ऑलिंपिक गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. मेरी १०० आणि २०० मीटर धावली, पहिल्याच फेरीत बाहेर पडली. पण १९५४ साली मनिलात तिने क्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसूझा आणि व्हायोलेट पीटर्स यांच्यासोबत रिलेचं सुवर्ण जिंकलं. हॉकीतही ती भारताकडून खेळली.

हे सगळं तिला सहज मिळालं असं कुणी समजू नये. हेलसिंकीला जायला सरकारकडून पैसा नव्हता. मित्रमंडळींनी आणि शेजारपाजाऱ्यांनी कार्यक्रम करून वर्गणी जमवली. त्याच ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधवांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं होतं. मेरीला ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०१३ मध्ये. मनिलाच्या सुवर्णानंतर ५९ वर्षांनी!

आता ही आडनावं पुन्हा वाचा. डिसूझा, मिस्त्री, ब्राउन, पीटर्स. ख्रिस्ती, पारशी, अँग्लो-इंडियन. देशातल्या बहुसंख्य समाजाच्या मुली या यादीत जवळपास दिसतच नाहीत. बहिष्कृत समाजाच्या मुलींचा तर प्रश्नच नव्हता. का? त्यांचे पाय हळू होते म्हणून?

उत्तर त्याच वर्षाच्या त्याच दिल्लीत आहे. स्टेडियमवर मुली धावत होत्या, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते आणि हिंदू कोड बिलासाठी झगडत होते. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा, बायकोला घटस्फोटाचा हक्क, जातीबाहेर लग्नाला मान्यता, हे त्या बिलात होतं. संसदेत ते रखडवलं गेलं. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. म्हणजे मार्चमध्ये मुलींच्या पदकांना टाळ्या वाजवणाऱ्या देशाने सहा महिन्यांत मुलींच्या हक्कांना पाठ दाखवली.

ख्रिस्ती आणि पारशी मुलींना १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने बापाच्या इस्टेटीत वाटा होता. पारशी मुलीचा वाटा भावापेक्षा कमी होता, पण होता. हिंदू मुलीला तो १९५६ च्या कायद्याने मिळाला. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून भावाइतका हक्क देशभर यायला २००५ साल उजाडलं. कायदा असला म्हणून कुणी वेगाने धावत नाही, हे आम्हालाही कळतं. पण ज्या घरात मुलगी वाटेकरी असते, शाळेत जाते, शाळेला मैदान असतं आणि उघड्या पायांनी धावली म्हणून घराण्याची अब्रू जात नाही, त्याच घरातून धावपटू निघते. वेग अंगात असतो, पण मैदान समाज देतो.

आणि आपल्या आज्या? त्यांच्या नावावर वाटून घ्यायला जमीनच नव्हती. मराठवाडा नुकताच निजामाच्या राज्यातून सुटला होता. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झालं, तेव्हा कुठे आपल्या पोरांसाठी उच्च शिक्षणाचं दार उघडलं. आपल्या आज्या पळत होत्याच. दुसऱ्याच्या बांधावर, रोजगाराला उशीर होऊ नये म्हणून. त्यांची वेळ कुणी घड्याळात मोजली नाही, एवढंच.

काही मित्र म्हणतील, मेरी डिसूझाचं आपल्याला काय? आम्ही म्हणतो, खूप काही. तिचा इतिहास आपल्याला दोन गोष्टी शिकवतो. पहिली, गुणवत्ता आभाळातून पडत नाही. 'राखीव जागांनी गुणवत्ता मरते' म्हणणाऱ्यांसमोर १९५१ ची ही यादी ठेवा आणि विचारा, बाकीच्या मुलींची गुणवत्ता तेव्हा कुणी मारली होती? दुसरी, सरकारने हात वर केले तेव्हा वांद्र्याच्या वस्तीने वर्गणी काढून पोरगी ऑलिंपिकला पाठवली. समाजाने मनावर घेतलं तर हे होतं.

वर्गणी आपणही काढतो. १४ एप्रिलला गावोगाव काढतो. त्यातली किती रक्कम डीजेवर जाते, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. त्यातून गावातल्या दोन मुलींना धावण्याचे बूट आले, तर जयंती कमी होईल का? १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायला सांगितलं होतं. आपण ती मिरवणुकीच्या लांबीवरून मोजू लागलो आहोत.

तालुक्याला धावपट्टी आणि मुलींच्या वसतिगृहाला मैदान, हे सरकारकडून भांडूनच घ्यावं लागेल. तो लढा आहेच. पण तोवर पहाटे रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या त्या पोरींच्या हातात एक स्टॉपवॉच तरी द्या. आज्यांची वेळ कुणी मोजली नाही. नातींची आपण मोजू.

जय भीम!