रोहिणीचे पाणी आणि सिद्धार्थाचा गृहत्याग



दर वैशाख पौर्णिमेला आपण विहारात मुलांना भगवंतांचे चरित्र सांगतो. राजपुत्राने म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिले, संन्यासी पाहिला आणि मध्यरात्री बायको-मुलाला झोपेत सोडून तो निघून गेला. आम्हीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. पण एखादे धीट पोर विचारतेच, की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूसच पाहिला नव्हता का? तेव्हा आम्ही गप्प बसायचो.

परमपूज्य बाबासाहेबांनी हाच प्रश्न 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात सर्वांत आधी घेतला. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यांनी मांडलेली हकीकत अशी.

शाक्यांचे राज्य हे गणराज्य. कारभार संघाच्या सभेत चालायचा. कपिलवस्तूच्या शेजारी कोलिय लोक राहायचे आणि दोघांच्या शेतांना रोहिणी नदीचे पाणी. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दरवर्षी वाद. (नळावर हंडे-कळशा लावणाऱ्या आयाबहिणींना हे वेगळे सांगायला नको!) सिद्धार्थ विसाव्या वर्षी संघाचा सभासद झाला. आठव्या वर्षी हाणामारी झाली आणि सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उठून म्हणाला, आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून निवाडा करावा. पण बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. त्याने हत्यार धरायला नकार दिला. मग शिक्षेची गोष्ट निघाली. फाशी, देशत्याग, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्त. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या आजा-पणजांनी भोगलेले आहे. घरच्यांना शिक्षा नको म्हणून त्याने स्वतःच परिव्राजक व्हायचे पत्करले, तेही आईवडिलांना आणि यशोधरेला सांगून.

आता कोणी म्हणेल, हे बाबासाहेबांच्या मनचे आहे. तसे नाही. पाली सुत्तात भगवंत स्वतः सांगतात, की आईबाप रडत असताना त्यांनी घर सोडले. म्हणजे लपून नव्हे. चार दृश्यांची गोष्ट दीघनिकायात येते ती विपस्सी बुद्धाची. गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी या गोष्टी मराठीत आधीच दाखवल्या होत्या, आणि १९३७ साली आपल्या परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. मात्र खरे ते सांगावे. पाली अट्ठकथेत रोहिणीचे भांडण बुद्धत्वानंतरचे आहे. तिथे भगवंत दोन्ही सैन्यांच्या मध्ये जाऊन विचारतात, की पाण्याची किंमत जास्त की माणसांच्या रक्ताची. काळ मागेपुढे असेल, पण भांडण आणि भगवंतांची बाजू एकच आहे.

पुढचा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. बाबासाहेबांच्या ग्रंथात, सिद्धार्थ गेल्यावर शाक्य-कोलियांचा समेट होतो. त्याला निरोप मिळतो. आता तो घरी परतू शकत होता. पण त्याने विचार केला, हे एक युद्ध मिटले, माणसामाणसांतला झगडा कुठे मिटला? तो तर घराघरांत चाललेला आहे! म्हणून तो पुढे गेला. आळार कालाम, उद्दक रामपुत्त झाले, उपास-तापास झाले, मग बोधगया. सारनाथला पाच परिव्राजकांना त्यांनी जे सांगितले त्याचे मूळ इथे आहे. दुःख आहे, ते तृष्णेतून येते, ते संपवता येते आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. देव किंवा यज्ञ यात कुठेच नाही. अदिन्नादाना वेरमणी आपण रोज म्हणतो. दुसऱ्याच्या वाटणीचे पाणी ओढणे हेही त्यातच आले, असे आम्ही मुलांना सांगतो.

शाक्यकुमार दीक्षेला आले तेव्हा आपला गर्व जावा म्हणून त्यांनी आधी उपाली न्हाव्याला दीक्षा द्यायला लावली आणि मग त्याला वंदन केले. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो याच उपालीने.

कुशीनगरला भगवंतांच्या अस्थींवरूनही युद्धाची पाळी आली होती. द्रोण ब्राह्मणाने आठ समान वाटे केले. त्यांतला एक कपिलवस्तूच्या शाक्यांना गेला आणि एक रामग्रामच्या कोलियांना.