उतारवय आणि नावावरचा पैसा

विकसनशील देशांतल्या वृद्धांविषयीची आपली चर्चा फिरून फिरून एकाच जागी येते: एकत्र कुटुंब मोडलं, मुलं विचारत नाहीत, वृद्धाश्रम वाढले. ही शहरी मध्यमवर्गाची तक्रार आहे. २०११च्या जनगणनेत साठी गाठलेले भारतीय सुमारे १०.४ कोटी होते आणि त्यांतले ७१ टक्के खेड्यांत राहत होते. यांतले बहुतेक आजही मुला-नातवंडांतच राहतात. म्हणून म्हातारा माणूस कुणाजवळ राहतो यापेक्षा त्याच्या स्वतःच्या नावावर काय आहे, हे आधी पाहावं लागतं. घरातली त्याची जागा बरीचशी त्यावरच ठरते.

फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला ११५ वर्षं लागली. तेवढ्या अवधीत तिथे कारखानदारी, निवृत्तिवेतन, दवाखाने सगळं उभं राहिलं. भारतासारख्या देशांत हाच पल्ला दोन-तीन दशकांत गाठला जातो आहे. माणसं आधी म्हातारी होताहेत, सोयी मागून येताहेत.

शेतमजुराला निवृत्ती नसते. कष्ट झेपेनासे झाले की काम बदलतं: खुरपणी सुटली की शेळ्या राखायच्या, तेही जमेना की नातवंडं सांभाळायची. बीड जिल्ह्यातल्या कित्येक वस्त्यांवर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की मागे म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं उरतात. पोरांचं जेवण, आजारपण, शाळा सगळं आजीवर. या कामाची मजुरी कुणी धरत नाही. तरीही आजीचा हिशेब ‘खाणारं तोंड’ म्हणूनच होतो.

बाईचं आणखी कठीण. ती नवऱ्यापेक्षा वयाने लहान असते आणि जगतेही जास्त, त्यामुळे म्हातारपणी विधवांची संख्या मोठी. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने ती मुलांच्या बरोबरीची वारस आहे. पण सातबारावर नाव चढलं तरी जमीन कसणं, विकणं मुलांच्या हाती. कधी हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला की तेही संपतं. मग औषधाच्या गोळ्यांसाठीही मागावं लागतं.

पैसा तिच्या हाती आला तर काय होतं, याचा उत्तम पुरावा दक्षिण आफ्रिकेत मिळतो. वर्णभेदाच्या काळात तिथलं वृद्धवेतन गोऱ्यांना जास्त, काळ्यांना कमी होतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते सारखं झालं. अर्थशास्त्रज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी २००३मध्ये दाखवलं, की पेन्शन आजीला मिळत असेल त्या घरातल्या नातींची उंची आणि वजन सुधारलं. आजोबांच्या पेन्शनचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे वृद्धांवरचा खर्च ‘वाया’ जातो, हा हिशेबच चुकीचा.

आपल्याकडे इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे केंद्राचा वाटा २००७पासून महिना २०० रुपयेच आहे. महाराष्ट्राने श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनांचं अनुदान २०२३मध्ये १,५०० केलं, हे बरं झालं. पण ज्यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नाही, त्यांना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे अख्ख्या घराला महिना १,७५० रुपये! एवढ्यात घर चालत नाही हे तलाठ्यालाही ठाऊक असतं, तरी दाखला त्याच आकड्याचा निघतो. ज्याला तो काढता येत नाही तो बाहेर राहतो. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला आहेच. शिवाय बँकेच्या यंत्रावर अंगठा उमटायला हवा. जन्मभर मातीत राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून ‘पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा’ चालू राहतं.

आपल्याहून गरीब नेपाळने १९९५मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांपासून भत्ता सुरू केला तो उत्पन्नाची चाळणी न लावता. पुढे वयाची अट खाली आली, रक्कम वाढली. महाराष्ट्राला हे परवडणार नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी २१,०००च्या आकड्याचं समर्थन करून दाखवावं. ती अट काढा आणि अनुदान महागाईशी जोडा.