टंचाईतून वाढलेले मोल

वापरलेली वस्तू स्वस्त होते, हा आपला नेहमीचा अनुभव. मग ब्रिटनची जुनी लँड रोव्हर महाग का होते?

युद्धानंतर तिथे पोलादाची टंचाई होती. म्हणून 1948 साली आलेल्या या शेतीकामाच्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा लावला गेला. किंमत 450 पौंड. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो, आतला धातू सुरक्षित राहतो. चासी मात्र पोलादाची, ती गंजते. शिवाय दोन्ही धातू टेकतात तिथे पाणी शिरले, की विद्युतघट तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियमच झिजते! म्हणून जाणकार गिऱ्हाईक रंगाला भुलत नाही, वाकून चासी तपासते.

1990 मध्ये गाडीला ‘डिफेंडर’ नाव मिळाले; जानेवारी 2016 मध्ये जुन्या बांधणीचे उत्पादन थांबले. पुरवठा संपला, हौस उरली. त्याआधी डिसेंबर 2015 मध्ये विसाव्या लाखाची गाडी लिलावात 4 लाख पौंडांना गेली. पण तो लिलाव धर्मादाय कामासाठी होता. त्यावरून बाजारभाव ठरवू नये.

पहिली टंचाई पोलादाची होती, तिने गाडी टिकाऊ केली. दुसरी टंचाई गाडीचीच. तिने भाव वाढवला.