हुजऱ्यापासून चमच्यापर्यंत

गेल्या महिन्यात आपल्या एका श्रोत्या ताईंनी विचारलं होतं, "माझा मुलगा सांगत होता, वर्गातला एक मुलगा सारखा टीचरच्या पुढे पुढे करतो. अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं?" ताई, प्रश्न सोपा वाटला, पण उत्तर लिहायला बसले आणि वहीचं पान भरलं. खुशमस्कऱ्या, हुजऱ्या, तोंडपुज्या, लाळघोट्या, होयबा, भाट, चमचा! आज यातल्या काही शब्दांचा इतिहास पाहू. गंमत अशी, की यातले बरेच शब्द सुरुवातीला शिव्या नव्हत्याच.

'हुजऱ्या' घ्या. अरबीतल्या 'हुजूर'चा अर्थ समक्षता, म्हणजे राजासमोर हजर असणं. मराठेशाहीत जी फौज सरदारांच्या हाताखाली नसून थेट धन्याच्या हुकमतीत असे, ती हुजरात. पुण्यातली मुलींची हुजूरपागा शाळा 1884 साली सुरू झाली. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा त्या जागी होती, म्हणून ते नाव. हुजरा म्हणजे धन्याच्या जवळ राहणारा सेवक, साधी चाकरी करणारा माणूस. पण सत्तेच्या इतक्या जवळ राहणाऱ्याची जीभ हळूहळू धन्याच्या मर्जीने वळू लागते, हे लोकांनी पाहिलं. काम मागे पडलं आणि 'हुजरेगिरी' उरली.

'खुशमस्कऱ्या'मध्ये 'खुश' आणि 'मस्खरा' म्हणजे विदूषक, असे दोन शब्द आहेत. हसवणं हाच त्याचा धंदा. 'तळी उचलणे' तर जेजुरीच्या खंडोबाचं. ताम्हणात भंडारा-खोबरं ठेवून "येळकोट येळकोट" म्हणत सगळ्यांनी मिळून ती उचलायची. देवाची तळी साहेबाची झाली आणि शब्दाचा अर्थच फिरला.

'लांगूलचालन' ऐकायला भारदस्त, पण अर्थ एवढाच, की शेपूट हलवणं. भर्तृहरीच्या नीतिशतकात याचं चित्र आहे. घास टाकणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवतो, पायाशी पडतो, पोट दाखवतो. हत्ती मात्र शांतपणे पाहतो आणि शंभर विनवण्या झाल्यावर खातो. वामन पंडितांनी 17व्या शतकात भर्तृहरी मराठीत आणला. संतांचा याच अंगाचा शब्द आहे 'नरस्तुती'. गायचं ते देवाचं, माणसाचं नाही, हा त्यांचा दंडक.

आता दोन प्रसंग सांगते. पहिला महेश्वरचा. नर्मदेकाठी राहून होळकरांचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंपुढे एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ वाचला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग, आपण एक दुबळी, पापी बाई आहोत, एवढी स्तुती आपल्याला शोभत नाही, असं म्हणून तो ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितलं, आणि त्या लेखकाकडे पुन्हा लक्ष दिलं नाही. ही हकीकत जॉन माल्कमने 1823 साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या इतिहासात नोंदवली आहे. खुशामतीचं दुकान बंद करायचं असेल, तर गिऱ्हाइकानेच उठून जावं लागतं!

दुसरा प्रसंग पुण्याचा, 2 मार्च 1888 चा. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्यासाठी हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी ठेवली होती. पाहुणे दागिन्यांनी मढून आलेले. जोतीराव फुले गेले ते शेतकऱ्याच्या वेषात. भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांनी राजपुत्राला सांगितलं, की इथे जमलेले श्रीमंत लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यांत उपाशी, उघडी आहे, तिला शिक्षण हवं, हे राणीसाहेबांच्या कानावर घाला. अहिल्याबाई गादीवर होत्या, स्तुती नाकारणं त्यांच्या हाती होतं. जोतीरावांच्या हाती तशी कोणतीच सत्ता नव्हती.

सगळ्यांत नवा शब्द 'चमचा'. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराला 50 वर्षं झाली, त्या दिवशी 1982 मध्ये कांशीराम यांनी 'द चमचा एज' हे पुस्तक काढलं. चमचा आपला आपण हलत नाही, दुसऱ्याचा हात त्याला हलवतो, असा त्यांचा मुद्दा. मग दोष चमच्याला द्यायचा, की हाताला?

हा प्रश्न मला आपल्या, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या, फार जवळचा वाटतो. मी इथे नवी होते तेव्हाची गोष्ट. मीटिंगमध्ये साहेबाने एका सहकारी मुलीवर नसलेली चूक लादली. खरं काय ते मला माहीत होतं. पण व्हिसा त्याच नोकरीवर होता, घराचं भाडं त्याच पगारावर. मी नंदीबैलासारखी मान हलवली. त्या संध्याकाळी ती मुलगी लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता उभी राहिली. ते मला अजून आठवतं.

म्हणून ताई, मुलाला शब्द जरूर शिकवा. खुशमस्कऱ्या म्हणायला मजा येते! पण बरोबर हेही सांगा, की मान हलवणारा प्रत्येक जण लोभी नसतो, कुणी घाबरलेलाही असतो. आणि आपल्या घरात मुलांनी "आई, तुझं चुकतंय" म्हटलं, तर ते ऐकून घेऊ या. "नाही" म्हणायची सवय घरातच लागते.

तुमच्या गावाकडे अशा माणसासाठी वेगळा शब्द असेल, तर नक्की कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोवर नमस्कार!