फोर्तुनातो फ्रांको

फोर्तुनातो फ्रांको (जन्म : १९३७, कोलवाळ, गोवा, मृत्यू : १० मे २०२१, गोवा) हे भारतीय फुटबॉलपटू होते. १९६२ साली इंडोनेशियातील जकार्ता येथे झालेल्या चौथ्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते मधल्या फळीत, म्हणजे हाफबॅक म्हणून खेळले. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघातही त्यांचा समावेश होता. त्यांची स्थानिक कारकीर्द प्रामुख्याने मुंबईत घडली. महाराष्ट्राकडून ते संतोष करंडक स्पर्धेत खेळले आणि पुढे गोव्याच्या साळगावकर संघाशी त्यांचे नाव जोडले गेले.

पार्श्वभूमी

फ्रांको यांचा जन्म बार्देश तालुक्यातील कोलवाळ या गावी झाला. त्या वेळी गोवा पोर्तुगीज अंमलाखाली होता. गोव्यात फुटबॉलची ओळख १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूने करून दिली असे मानले जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हा खेळ गावोगावच्या चर्चसमोरील मैदानांवर रुजला होता. तथापि नोकरी-धंद्यासाठी गोमंतकीयांना मुंबई गाठावी लागे. धोबी तलाव व गिरगावच्या परिसरात गावागावांच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडी’ या अशा स्थलांतरितांच्या निवाऱ्याच्या जागा होत्या. फ्रांको यांचे कुटुंबही त्यांच्या बालपणीच मुंबईस आले, आणि खेळाडू म्हणून ते याच शहरात वाढले.

त्या काळी भारतात व्यावसायिक फुटबॉल नव्हता. खेळाडूला रेल्वे, तेल कंपन्या, कापडगिरण्या वा टाटांसारख्या उद्योगसमूहात नोकरी मिळे, आणि त्याबदल्यात तो त्या संस्थेच्या संघाकडून खेळे. पगार कामाचा असे, खेळाचा नव्हे; मात्र निवड खेळावरूनच होई. फ्रांको मुंबईत पश्चिम रेल्वे आणि टाटा या संघांकडून खेळले. मुंबईतील फुटबॉलचे केंद्र कूपरेज मैदान हे होते. तेथे होणाऱ्या रोव्हर्स करंडकासाठी (स्थापना १८९१) कोलकाता व हैदराबाद येथील बलाढ्य संघ येत, त्यामुळे मुंबईकर खेळाडूंना देशातील सर्वोत्तम खेळाडूंशी सामना करण्याची संधी घरच्या मैदानावर मिळत असे.

रोम ऑलिंपिक, १९६०

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी निवडलेल्या संघात फ्रांको यांना स्थान मिळाले. पी. के. बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखालील या संघाने हंगेरीकडून १-२ अशी हार पत्करली, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी साधली आणि पेरूविरुद्ध १-३ असा पराभव स्वीकारला. फ्रांको यांना प्रत्यक्ष मैदानात उतरण्याची संधी मिळाली नाही. त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ आजतागायत ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही, त्यामुळे रोमचा संघ हा भारताचा शेवटचा ऑलिंपिक फुटबॉल संघ ठरला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. फ्रांको भारतीय संघाबरोबर रोमला गेले तेव्हा त्यांचे जन्मगाव अद्याप पोर्तुगालच्या ताब्यात होते. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे या ऑलिंपिकनंतर सव्वा वर्षाने आणि जकार्ता स्पर्धेच्या आठ-नऊ महिने आधी.

जकार्ता, १९६२

फ्रांको यांच्या कारकिर्दीचा सर्वोच्च बिंदू म्हणजे जकार्ताची आशियाई स्पर्धा. चुनी गोस्वामी कर्णधार होते. गटातील पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. त्यानंतर भारताने थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय मिळवून उपांत्य फेरी गाठली. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. रहीम यांनी पुढे त्यांना बचावात न ठेवता आघाडीला खेळवले. या अनपेक्षित बदलाचे फळ लगेच मिळाले : उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर मिळवलेल्या ३-२ अशा विजयात गोस्वामींनी दोन व जर्नेलसिंगांनी एक गोल केला.

मैदानाबाहेर मात्र वातावरण बिघडलेले होते. इंडोनेशियाच्या सरकारने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश दिला नव्हता. आशियाई क्रीडा महासंघाचे भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी यास आक्षेप घेऊन या स्पर्धेला ‘आशियाई स्पर्धा’ म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित केला. यजमानांनी तो राष्ट्रीय अपमान मानला. जमावाने भारतीय दूतावासावर चाल केली आणि सोंधी यांना देश सोडावा लागला. या वादाशी काडीचाही संबंध नसलेल्या खेळाडूंना त्याची झळ सोसावी लागली. संघाच्या बसवरील भारताचा ध्वज उतरवावा लागला, आणि जर्नेलसिंगांसारखे पगडीधारी खेळाडू बाहेरून दिसू नयेत म्हणून बसमध्ये खाली बसत, असे खेळाडूंच्या आठवणींतून समजते.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायन येथील नव्या भव्य स्टेडियममध्ये झाला. प्रतिस्पर्धी पुन्हा दक्षिण कोरियाच होता. यजमान इंडोनेशियाचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेला नव्हता, तरी प्रेक्षागार तुडुंब भरलेले होते आणि जवळजवळ सर्व प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. भारतीयांना प्रोत्साहन देणाऱ्या मोजक्या लोकांत, आदल्या दिवसांत भारतालाच हरवून सुवर्ण मिळवलेले पाकिस्तानचे हॉकीपटू होते, असेही सांगितले जाते.

रहीम यांनी आधीचे सामने खेळलेल्या प्रद्युत बर्मन यांच्याऐवजी उंचपुऱ्या पीटर थंगराज यांना गोलरक्षक म्हणून उतरवले. मधल्या फळीत फ्रांको आणि प्रशांत सिन्हा होते. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी व विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगांनी गोल केला. वीस मिनिटांत दोन गोलांची आघाडी मिळाल्यावर उरलेला तासाहून अधिक काळ तिचे रक्षण करणे हेच संघाचे मुख्य काम राहिले. हाफबॅकचे काम नेमके अशा वेळी कसाला लागते : प्रतिस्पर्ध्याचे आक्रमण बचावफळीपर्यंत पोहोचण्याआधी मोडणे, चेंडू मिळताच तो योग्य आघाडीपटूकडे देणे आणि पुन्हा मागे धावणे. गोल करणाऱ्याचे नाव धावफलकावर लागते. हे काम करणाऱ्याचे लागत नाही. दक्षिण कोरियाला पंच्याऐंशीव्या मिनिटापर्यंत गोल करता आला नाही. सामना भारताने २-१ असा जिंकला.

१९५१ च्या दिल्ली स्पर्धेनंतरचे हे भारताचे दुसरे आशियाई फुटबॉल सुवर्ण होय. तिसरे अद्याप मिळालेले नाही. पेशाने मूळचे शाळामास्तर असलेले रहीम त्या वेळी कर्करोगाने ग्रस्त होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरील ‘मैदान’ (२०२४) या हिंदी चित्रपटामुळे जकार्ताचा हा सामना नव्या पिढीला परिचित झाला.

नंतरची कारकीर्द

१९६३-६४ च्या हंगामात महाराष्ट्राने मद्रास येथील अंतिम सामन्यात आंध्र प्रदेशला १-० असे हरवून संतोष करंडक जिंकला. जकार्तातील सहकारी ओ. चंद्रशेखर हे त्या संघाचे कर्णधार होते आणि फ्रांको संघात होते. चंद्रशेखर केरळचे, फ्रांको गोव्याचे. दोघेही मुंबईतील नोकरीमुळे महाराष्ट्राचे खेळाडू झाले. क्वालालंपूर येथील मर्डेका स्पर्धेत १९६४ साली दुसरे व १९६५ साली तिसरे स्थान मिळवणाऱ्या भारतीय संघांतही फ्रांको यांचा समावेश होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुखापतीमुळे त्यांची कारकीर्द अकाली थांबली.

परदेशातील मैदानांवर ते खेळले ते सर्व राष्ट्रीय संघाच्या गणवेशात. परदेशी क्लबाशी करार करण्याची वाट त्या पिढीतील भारतीय खेळाडूंसमोर जवळपास नव्हतीच. गोव्याच्याच रोमिओ फर्नांडिस यांनी २०१५ साली ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्स या क्लबात प्रवेश केला, तेव्हा जकार्ताच्या विजयाला अर्धशतक उलटून गेले होते.

सन्मान आणि उपेक्षा

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जाऊ लागला. फुटबॉलसाठी पहिल्या सात वर्षांत तो अनुक्रमे पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, अरुण घोष, युसूफ खान आणि पीटर थंगराज यांना मिळाला. हे सातही जण जकार्ताच्या सुवर्णविजेत्या संघातील होते. फ्रांको यांना मात्र हा पुरस्कार कधीच मिळाला नाही. गोमंतकीय फुटबॉलपटूला अर्जुन पुरस्कार मिळण्यासाठी १९९७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तो गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांना देण्यात आला. मुंबईत खेळून नाव मिळवलेल्या गोमंतकीयाला आपला म्हणून पुढे करण्याची निकड दोन्हीकडच्या संघटनांना वाटली नसावी, असे या उपेक्षेचे एक कारण संभवते.

निधन

फ्रांको यांचे १० मे २०२१ रोजी गोव्यात निधन झाले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना श्रद्धांजली वाहिली. पी. के. बॅनर्जी व चुनी गोस्वामी हे त्यांचे जकार्तातील सहकारी आदल्या वर्षी मार्च व एप्रिलमध्ये निवर्तले होते. चंद्रशेखर यांचे निधन फ्रांको यांच्यामागून, ऑगस्ट २०२१ मध्ये झाले.