अदृश्य ताणाचा इतिहास

५ जुलै १९८६ रोजी पणजी येथील मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. जेमतेम दीड दशक वापरात असलेला तो पूल नाहीसा होताच लोक पुन्हा फेरीबोटीकडे वळले. मी मराठीचा अध्यापक, स्थापत्यशास्त्राचा अधिकारी नव्हे. परंतु त्या दुर्घटनेच्या चर्चेत ‘पूर्वप्रतिबलित काँक्रीट’ हा शब्द वारंवार आला आणि त्याच्या अर्थामागचा इतिहास शोधण्याची ओढ मला लागली.

काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याच्या सुमारे एक-दशांशच. भाराखाली तुळईची खालची बाजू ताणली जाऊन तडकते. म्हणून भार येण्यापूर्वीच पोलादी तारा ताणून काँक्रीट आवळून ठेवायचे. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली धाव चढवतो आणि ती निवताना चाक घट्ट आवळते, तत्त्व तेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही असे प्रयोग झाले होते. पण साध्या लोखंडाला दिलेला अल्प ताण काही काळाने विरून जाई. त्याचे कारण फ्रेंच अभियंता यूजेन फ्रेसिने (१८७९–१९६२) याने ओळखले. अलिए नदीवर त्याने बांधलेल्या ल व्हर्द्र येथील पुलाच्या कमानी काही महिन्यांतच हळूहळू खाली बसू लागल्या. त्याने जॅक लावून त्या पुन्हा उचलल्या आणि धडा घेतला : काँक्रीट सतत दाबाखाली वर्षानुवर्षे आखडत राहते. हे आखडणे पचवूनही ताण उरायचा, तर उच्च प्रतीचे पोलादच हवे आणि तेही खूप ताणलेले. १९२८ मध्ये त्याने एकस्व घेतले. मार्न नदीवरील ल्यूझांसीचा पूल १९४६ मध्ये पूर्ण झाला.

परंतु ज्या तारांवर सारा भरवसा, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. डिसेंबर १९८५ मध्ये वेल्समधील एक लहान पूल तारा गंजल्याने पूर्वसूचनेविना पडला. मांडवीच्या पुलातही खाऱ्या, दमट हवेत तारा गंजल्याचे आढळले. दोष तत्त्वाचा नव्हता. पाणी आत शिरू न देण्याच्या दक्षतेचा होता.

फ्रेसिनेने काळाचा हिशेब मांडला, म्हणून त्याची कल्पना टिकली. पूल बांधून झाला म्हणजे तो हिशेब संपतो, असे आपण मानले. उद्घाटनाची कोनशिला सर्वांना दिसते. तारेवरचा गंज शोधावा लागतो. या शाळेतून उद्या जे अभियंते होतील, त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, ही माझी विनंती.