सव्वाशे सीसीचा इतिहास

नायट्रो इंजिनवाल्या रिमोट कंट्रोल ट्रकची इंधनाची टाकी बदलणं हे तसं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. तीन-चार स्क्रू, दोन सिलिकॉनच्या नळ्या, झालं. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा प्लॅस्टिकच्या डब्यावर अख्खा लेख कशाला? तर मंडळी, या ट्रकमध्ये फ्युएल पंप नसतो. टाकी हाच पंप. आणि हे असं का झालं, यामागे ऐंशी-नव्वद वर्षांची गोष्ट आहे.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातभर लांबीचा ट्रक, त्यात अडीच-तीन सीसीचं खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन. टेक्ससच्या ट्रॅक्सस कंपनीने १९९९ मध्ये आणलेला टी-मॅक्स हे याचं प्रसिद्ध उदाहरण. इंधन म्हणजे मेथॅनॉल, त्यात साधारण १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन आणि उरलेलं तेल. या तेलात बऱ्याचदा आपलं एरंडेलही असतं! पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनंही एरंडेलावरच चालायची, आणि त्याचा फवारा नाकातोंडात जाऊन वैमानिकांची पोटं बिघडायची. असो.

गोष्ट सुरू होते १९३० च्या दशकात, अमेरिकेत. बिल ब्राऊन यांचं 'ब्राऊन ज्युनियर' हे मॉडेल विमानांचं इंजिन तेव्हा गाजलं. ते पेट्रोलवर चालायचं आणि त्याला स्पार्क लागायचा. म्हणजे बॅटरी, कॉइल, कंडेन्सर हे सगळं लोढणं विमानाच्या गळ्यात. १९४७ मध्ये रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि हे लोढणं गेलं. प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार बॅटरीने एकदा तापवायची, इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे मेथॅनॉलची वाफ आणि प्लॅटिनम एकमेकांना सांभाळून घेतात, तार लालच राहते. अल्कोहोलच्या वाफेत प्लॅटिनमची तार ज्वाळेशिवाय तापलेली राहते, हे हम्फ्री डेव्हीने १८१७ मध्येच पाहिलं होतं.

पण फुकट काहीच मिळत नाही. स्पार्क गेला तसं ठिणगीची वेळ ठरवणंही हातातून गेलं. आता स्फोट कधी होणार हे कॉम्प्रेशन, प्लगची उष्णता आणि इंधन-हवेचं मिश्रण मिळून ठरवतात. म्हणजे इंधन नेमकं तेवढंच पोचणं एकदम महत्त्वाचं झालं. शिवाय ही इंजिनं पितातही भरपूर. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, मेथॅनॉलला साडेसहा किलोच्या आसपास आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ किलो. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येतं, म्हणून ताकद जास्त आणि तहानही जास्त.

मग टाकीचे प्रयोग सुरू झाले. तारेच्या दोरीवर गोल गोल फिरणाऱ्या विमानांमध्ये इंधन बाहेरच्या बाजूला फेकलं जायचं. म्हणून लोकांनी पत्र्याच्या, पाचरीच्या आकाराच्या टाक्या डाग देऊन बनवल्या आणि इंधन ओढणारी नळी बाहेरच्या कडेला ठेवली. लेरॉय कॉक्स यांच्या कंपनीच्या १९५६ च्या 'बेब बी' इंजिनात तर टाकी इंजिनाच्या पाठीलाच जोडलेली होती. पुढे सायलेन्सर आले, तेव्हा त्यातल्या धुराचा दाब एका बारीक नळीने टाकीत सोडायची युक्ती रुळली. इंजिन जोरात फिरलं की धुराचा दाब वाढतो, टाकीतलं इंधन जोरात ढकललं जातं. साधा, सरळ फीडबॅक लूप!

ट्रकला हीच युक्ती लागते. आपल्या जुन्या पेट्रोलवाल्या चेतकची टाकी कार्बोरेटरच्या वर असायची, पेट्रोल आपसूक खाली यायचं. उड्या मारणाऱ्या, कोलांट्या खाणाऱ्या ट्रकमध्ये गुरुत्वाकर्षणावर भरवसा ठेवून चालत नाही. म्हणून झाकणाला स्प्रिंग आणि रबरी ओ-रिंग. म्हणून टाकीखाली रबराचे बुश, नाहीतर थरथरीने इंधनाला फेस येतो. १/८ स्केलच्या स्पर्धांमध्ये टाकीची मर्यादा १२५ सीसी. तेवढ्यात आठ-दहा मिनिटं निघतात, मग पिट स्टॉप. तिथे झाकण एका हाताने उघडलं पाहिजे आणि सोडताच हवाबंद मिटलं पाहिजे.

माझ्या ट्रकच्या टाकीला गेल्या वर्षी सांध्यावर केसाएवढी चीर गेली. गळती जवळजवळ नाहीच. पण दाब टिकेना, मिश्रण पातळ व्हायचं आणि इंजिन तापायचं. इथे धोका दुहेरी असतो. तेल इंधनातूनच येतं, त्यामुळे इंधन कमी म्हणजे वंगणही कमी. पिस्टन-स्लीव्हचा घास घ्यायला एवढं पुरतं. म्हणून चिकटवाचिकटवी न करता टाकीच बदलली.

तुम्ही बदलणार असाल तर इंजिन गार होऊ द्या, इंधन आधी काढून घ्या, आसपास आग नको. मेथॅनॉलची ज्वाळा उन्हात दिसतसुद्धा नाही. नवी टाकी बसवण्याआधी इंधनाच्या नळीचं तोंड बंद करून ती पाण्यात बुडवा आणि दाबाच्या नळीतून सिरिंजने हवा भरा. बुडबुडे आले तर ती टाकी नको. नाही आले तर पूर्ण वाळवून बसवा. नळ्या आणि फिल्टरही त्याच वेळी नवे घाला.

आता हे इंधनही सहज मिळणारं राहिलेलं नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत नायट्रोमिथेनचे रेल्वे टँकर दोनदा फुटले होते, तेव्हापासून त्याच्याकडे संशयानेच पाहिलं जातं. युरोपियन युनियनमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून १६ टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेन असलेलं मिश्रण सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय घेता येत नाही. त्यात ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटऱ्यांनी वेग आणि सोय दोन्ही दिली. नवा माणूस नायट्रोकडे का वळेल?

म्हणजे जुने ट्रक जिवंत ठेवायचे ते आहेत त्यांनीच. मॉडेल बंद झालं की स्पेअर पार्टही हळूहळू आटतात, मग 'बसतोय ना, लाव कुठलाही डबा' अशी पाळी येते. ट्रक त्या डब्यावर सुरू होईलही. पण दाब धरत नसेल तर तो डबा इंधन साठवेल, इंजिनाला पाजणार नाही. तेव्हा तुमच्याकडे असा ट्रक असेल तर एक टाकी आजच जास्तीची घेऊन ठेवा.